जात्यापाशी बोललेलं

ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवता येत नाही. शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते आणि तव्यावर टाकायला उचलली की हातातच तुटते. परभणीच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकली आणि घराघरात ज्वारीच खाल्ली गेली. त्यामुळे इथल्या बाईला आठ दिवसांचं दळण एकदम उरकून ठेवायची सोय नव्हती. रोज दळायचं, आणि दिवस उगवला की रानात जायचं म्हणून उजाडायच्या आत दळायचं. खाणारी तोंडं जास्त असली की दोघी समोरासमोर बसत, एक पाय पसरून आणि एक दुमडून, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. बहुतेक वेळा त्या सासू-सुना असत किंवा जावा-जावा. म्हणजे दिवसभर जिच्याशी मोकळं बोलता येत नाही, नेमकी तीच पहाटे समोर.

मी गंगाखेड तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाले आणि आता म्हाताऱ्या बायांकडून ओव्या लिहून घेते. बचत गटाच्या बैठकांत, शाळेच्या पालकसभेत मला कधी कधी बोलायला बोलावतात. विषय ठरलेला असतो, रोजच्या ताणात मन कसं सांभाळावं. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, असं मीही सांगते. ते उपयोगी आहे, मी स्वतः करते. पण ते सांगताना प्रत्येक वेळी मला वाटतं की आमच्या गावात याच कामाची एक जुनी रीत होती, जात्यावरच्या ओवीची. तिचा इतिहास बायकांना सांगितल्याशिवाय तीच गोष्ट त्यांना परक्याकडून घ्यायला लावणं बरं नव्हे.

या रीतीचं सगळ्यात मोठं नाव आमच्याच तालुक्याचं आहे. जनाबाई गंगाखेडची. परंपरा सांगते की आई करुंड आणि वडील दमा यांची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी, म्हणजे नामदेवांच्या घरी राहिली आणि जन्मभर तिनं स्वतःला नामयाची दासी म्हणवलं. नामदेवांचं नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी होईपर्यंत तेही परभणी जिल्ह्यातच होतं. ज्या घरी जनाबाई राबली ते घर आणि ती स्वतः, दोन्हींची मुळं एकाच मुलखात आहेत. तिची समाधी शके 1272, म्हणजे सन 1350 ची मानतात. गंगाखेडला गोदावरीकाठी तिचं मंदिर आहे आणि पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं जातं दाखवतात.

जनाबाईचे अभंग कामांनी भरलेले आहेत. दळण, कांडण, पाणी, शेण, झाडलोट. या प्रत्येक कामात विठोबा तिच्या हाताखाली येतो. तो दळू लागतो, गोवऱ्या वेचतो, तिची वेणी घालतो. कीर्तनकार यातून तिची शांत, सोशिक भक्ती सांगतात. मला ती वाचताना तशी दिसत नाही. ही बाई देवाशी भांडते, त्याला खडसावते, लोकलाजेला धुडकावते. दासीच्या जन्मात जे कुणासमोर बोलता येत नव्हतं ते तिनं जात्यावर बसून देवाला सुनावलं. तिचं बळ सोसण्यात होतंच, पण त्याहून जास्त ते बोलण्यात होतं. आणि ती एकटी नव्हती. तिच्या आधी आणि तिच्या नंतर शेकडो वर्षं, नाव न राहिलेल्या बायका तिच्यासारखंच करत आल्या.

ते कसं चालायचं, हे मी ज्यांच्याकडून ओव्या घेते त्या मला हात फिरवून दाखवतात. जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकायची. खुंटा स्वतःकडे ओढायचा, मग समोरचीकडे जाऊ द्यायचा. एक जण ओवीचा पहिला चरण उचलते, दुसरी तोच झेलते. ती म्हणत असते तेवढ्या वेळात पहिलीला दम घेता येतो आणि पुढचा चरण जुळवता येतो. ओढताना श्वास सुटतो, सोडताना भरतो. घाई केली तर पीठ जाडंभरडं येतं आणि ओवीही मोडते. लक्ष भरकटलं तर घास टाकायचा राहतो आणि दगडावर दगड घासून आवाज बदलतो, तो अर्ध्या झोपेतल्या सासऱ्यालाही कळतो. मनाला एका जागी बसवायचं शिक्षण त्या कामातच होतं, त्याला वेगळं नाव द्यायची कुणाला गरज पडली नाही.

ओवीत मग काय काय यायचं! पहिल्या काही ओव्या देवांच्या. त्या झाल्या की माहेर, आई, वाट बघायला लावणारा भाऊ, भरली ओटी, रिकामी कूस, सवत, नवऱ्याचा हात उचलणं. घरातले पुरुष तिथेच ओसरीवर झोपलेले असत, त्यांना सगळं ऐकू जाई. पण जात्यावरचं बोलणं चुलीपाशी काढायचं नाही, असा अलिखित दंडक होता. ओवी आहे ना ती, म्हणून सोडून द्यायचं. सासूही तशीच सासुरवाशीण होऊन आलेली, ती सुनेची ओवी झेलायची. झेलणं म्हणजे तोच चरण आपल्या तोंडानं म्हणणं. सुनेचं दुःख सासूच्या तोंडून घरात उच्चारलं जायचं, यापेक्षा मोठा आधार त्या काळात त्या पोरीला दुसरा कोणता होता?

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्याच्या मोठ्या विद्यापीठात, उस्मानियात, शिक्षण उर्दूतून चाले. खेड्यात मराठी शाळा कमी, मुलींनी तिथं जाणं त्याहून कमी. म्हणून मराठवाड्यातल्या बायकांची बहुतेक रचना जात्यापाशीच राहिली, फारशी कागदावर उतरली नाही. त्याच उस्मानियात मराठी शिकवणाऱ्या ना. गो. नांदापूरकरांनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ हे पुस्तक केलं. बायकांच्या रामायणात जीव अडकतो तो सीतेच्या वनवासात. तिला घरातून घालवलं हे या बायकांना आपल्याच घरचं वाटलं.

पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. प्वातवाँ जन्मानं फ्रेंच, पण पुढचं आयुष्य त्यांनी इथंच घालवलं. 1996 मध्ये त्यांच्या गटानं माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण केलं. माजलगाव बीड जिल्ह्यात, आमच्या जिल्ह्यातल्या पाथरीपासून गोदावरीच्या पल्याड. तिथल्या बायकांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. जिथं विठोबा बसायचा त्या जागेवर त्यांनी भीमराव बसवला. ज्या रीतीला लोक जुनाट म्हणतात तिच्यात एवढी ताकद होती की माणसाचं माणूसपण परत मिळाल्याची बातमीही तिच्यातून सांगता आली.

मग इंजिनाची गिरणी आली आणि साठ-सत्तरच्या दशकात गावोगाव वीज पोचली तशी विजेची. बायकांनी जातं सोडलं, आणि बरं केलं. हे मी ठासून सांगते, कारण जात्याचं गुणगान करणारे बहुतेक जण कधी दळायला बसलेले नसतात. गरोदर बाई दळायची, बाळंतीण दळायची, ताप आला तरी दळायची. हाताला फोड येत, ते फुटत आणि त्याच हातांनी खुंटा धरावा लागे. आमच्याकडे एक आजी खांदा दाखवून सांगायची, हा जात्यानं खाल्ला. ते कष्ट परत येऊ नयेत. जातं टाकवून द्यायला छिन्नी-हातोडी घेऊन येणारे टकारी दिसेनासे झाले, दगडी तळ्या दारात पायरीला लागल्या.

पण कष्ट गेले त्याच्याबरोबर ती वेळही गेली. गिरणीवर डबा ठेवून बाई परत येते, रांगेत उभी राहिली तरी कुणाशी ओवी बोलत नाही. दुःख मात्र गेलं नाही. 1972 चा दुष्काळ आला, खडी फोडली, मिलो ज्वारी खाल्ली. नंतर कापसाचं कर्ज आलं, आणि मग ज्या घरात पुरुषानं गळफास घेतला त्या घरातली बाई. 2015 पासून सरकारनं मराठवाड्यात ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन झोप लागते का, जगावंसं वाटतं का, असं विचारू लागल्या. 2022 पासून टेली-मानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. मी तो बैठकीत फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. ही कामं मोलाची आहेत. आशाताई मला सांगतात की पहिल्या भेटीत बाई ‘सगळं बरं आहे’ म्हणते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, ताई भाजी निवडू लागली, हातात काम आलं, की ती बोलायला लागते. मला यात नवल वाटत नाही.

कार्तिकात पहाटे काकड्याला आजही बायका देवळात जमतात. संध्याकाळी हरिपाठाला बसतात. आषाढी वारीला निघालेली शेगावची पालखी परभणीहून गंगाखेडला येते तेव्हा डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायकांत मी माझ्या विद्यार्थिनींच्या आया पाहिल्या आहेत. तिथं मन हलकं होतं, यात शंका नाही. पण तिथं अभंग संतांचे म्हणायचे असतात. स्वतःचं, आजचं, काल रात्रीचं घालायला जात्यावर जी मोकळीक होती, ती तिथं नाही.

लग्नात जातं अजून बाहेर निघतं. हळदीच्या आदल्या दिवशी ते धुऊन, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधून, सवाष्णी त्यावर हळद दळतात. पोरींना ओव्या येत नाहीत, मोबाइलवर गाणं लावतात. तेव्हा कुणीतरी म्हातारीला पुढं बसवतं. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका घरी म्हातारीनं नवरीच्या पुण्यातल्या नोकरीची ओवी तिथल्या तिथं जुळवली, पोरी हसल्या आणि त्यांनी ती झेलली. नंतर मी वही घेऊन तिच्याजवळ बसले. तिनं बऱ्याच ओव्या सांगितल्या. एक सांगून झाल्यावर म्हणाली, बाई, ही लिहू नका, ज्याची आहे तो अजून ओसरीवर बसलेला आहे. मी ती लिहिली नाही.