इंधनघटातील कार्बन-पॉलिमर संमिश्रे : क्षरणप्रतिकाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इंधनघटाचा इतिहास सामान्यतः वीजनिर्मितीच्या यशाचा इतिहास म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो क्षरणाशी दिलेल्या झुंजीचाही इतिहास आहे. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळवली, तेव्हा त्यांनी प्लॅटिनमची विद्युतअग्रे आणि सौम्य गंधकाम्ल वापरले. आम्लात टिकणारा, पण स्वस्त असा वाहक शोधणे हा प्रश्न तेव्हापासूनच उभा राहिला.

धातूकडून कार्बनकडे

फ्रान्सिस बेकन यांनी आम्लाऐवजी अल्कली आणि प्लॅटिनमऐवजी निकेल स्वीकारले. तप्त अल्कलीत ऑक्सिजनकडील निकेलचे क्षरण होई. लिथियमयुक्त निकेल ऑक्साइडच्या थराने ते रोखले गेले. १९५९ मध्ये त्यांनी सुमारे ५ किलोवॉटचा संच चालवून दाखविला व पुढे अपोलो यानांतील घट याच परंपरेतून आले. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड अल्कलीस बाधक ठरत असल्याने भूतलावरील वापरासाठी आम्लयुक्त घटांचे महत्त्व वाढले. सुमारे २०० अंश सेल्सियसला चालणाऱ्या फॉस्फोरिक आम्ल घटांत कार्बन हाच प्रमुख आधार ठरला.

संमिश्राचा उदय

लगतचे दोन घट जोडणारी, त्यांतील वायू वेगळे ठेवणारी आणि वीज वाहून नेणारी द्विध्रुवी पट्टी हा घटसंचाचा कणा होय. शुद्ध ग्रॅफाइट आम्लात टिकते. मात्र ते सच्छिद्र व ठिसूळ असून त्यात वायुमार्ग कोरणे खर्चिक असते. म्हणून ग्रॅफाइटची भुकटी पॉलिमरमध्ये मिसळून पट्टी साच्यात घडविण्याची पद्धत पुढे आली. जनरल इलेक्ट्रिकच्या १९८० मधील अमेरिकन पेटंटात ग्रॅफाइट व फ्लोरोपॉलिमर यांच्या अशा पट्टीचे वर्णन आढळते. येथे एक पेच कायम राहिला : पॉलिमर वाढविल्यास वाहकता घटते, कमी केल्यास वायू झिरपतो.

प्रतिकाराची मर्यादा

कार्बन अक्षर नाही. ऊष्मागतिकीनुसार सुमारे ०.२ व्होल्टच्या वर त्याचे ऑक्सिडीकरण संभवते; केवळ ही अभिक्रिया अतिमंद असल्याने तो टिकतो. घट सुरू वा बंद होताना ऑक्सिजनकडील विभव क्षणिक १.५ व्होल्टच्या आसपास जाऊ शकतो, हे २००५ मधील संशोधनाने दाखविले. याचा मुख्य फटका उत्प्रेरकाला आधार देणाऱ्या सूक्ष्म कार्बनला बसतो. ग्रॅफाइटी पट्टी तुलनेने स्थिर राहते.

निष्कर्ष

असे असूनही टोयोटाने २०१४ च्या मिराई मोटारीत टायटॅनियमच्या पट्ट्या वापरल्या. २०२० मध्ये पुण्याच्या केपीआयटीने सीएसआयआरच्या सहकार्याने चाचणी घेतलेल्या मोटारीच्या घटसंचातही वजन घटविण्यासाठी अतिपातळ धातूच्या पट्ट्या होत्या. यावरून स्पष्ट होते की, क्षरणप्रतिकार ही आवश्यक अट असली तरी पुरेशी नाही. मोटारीत वजन व जाडी यांना प्राधान्य मिळते, तर स्थिर वीजसंचात दीर्घायुष्याला; तेथे कार्बन-पॉलिमर संमिश्राची बाजू आजही भक्कम आहे. सर्वश्रेष्ठ पदार्थ असा नसतो. विशिष्ट कार्यास योग्य पदार्थ असतो, हेच या इतिहासाचे सार होय.