शके १७१३ चा दुष्काळ आणि पॅसिफिक महासागर

शके १७१३, विरोधकृत् संवत्सर (इ.स. १७९१-९२), या वर्षीं दक्षिणेंत व कर्नाटकांत पडलेला दुष्काळ विजापूर प्रांतीं ‘कवट्यांचा दुष्काळ’ या नांवानें पुढें कित्येक पिढ्या लोकांच्या स्मरणांत राहिला. प्रेतांस मूठमाती देण्यास माणसें उरलीं नाहींत, कवट्या रानोमाळ पसरल्या, यावरून हें नांव पडलें. आमच्या इतिहासग्रंथांत हें वर्ष टिपूवरील स्वारीचें म्हणून येतें. दुष्काळाच्या वांट्यास एखादें वाक्य येतें. परंतु अलीकडील संशोधनानें या दुष्काळास निराळेंच महत्त्व आलें आहे. तें संग्राहकांच्या नजरेस आणावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

पॅसिफिक महासागरावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे वारे उष्ण पाणी पश्चिमेस लोटीत असतात. दोन ते सात वर्षांच्या अंतरानें हे वारे मंदावतात, उष्ण पाणी पूर्वेस पेरू देशाच्या बाजूस सरकतें, आणि पर्जन्यहि त्यामागोमाग जातो. नाताळच्या सुमारास हें पाणी दिसूं लागे, म्हणून तेथील कोळ्यांनीं त्यास ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असें नांव दिलें. अशा वर्षीं आमच्याकडील मोसमी पाऊस बहुधा क्षीण होतो. हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख (१९०४-२४) गिल्बर्ट वॉकर यांनीं या दोन महासागरांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणें वरखालीं होतो हें दाखविलें. त्याचा एल निनोशीं असलेला संबंध १९६९ त ब्यर्कनेस यांनीं जोडून दिला.

आतां १७९१ कडे वळूं. आंध्र प्रांतीं सामलकोट येथें कंपनीचा वैद्य विल्यम रॉक्सबर्ग हवापाण्याच्या नोंदी ठेवीत असे. त्यांवरून १७८९ पासून पाऊस लागोपाठ हुकत गेल्याचें दिसतें. ऑस्ट्रेलियांत १७८८ त वसलेल्या इंग्रज वसाहतींत याच सुमारास अवर्षण होतें. १७९१ च्या आरंभीं उष्म्यानें पक्षी व वटवाघळें मरून पडल्याचें वॉटकिन टेंच या अधिकाऱ्यानें लिहून ठेविलें आहे. उलट पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील वाळवंटी मुलखांत त्याच वर्षीं अतिवृष्टि होऊन पूर आले. इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनीं १९९८ त असे दाखले एकत्र मांडून १७८९-९३ च्या एल निनोचें जगव्यापी स्वरूप पुढें आणिलें.

तथापि सर्व दोष समुद्राच्या माथीं मारणें युक्त होणार नाहीं. १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ असूनहि भारतांत पाऊस सरासरीइतका झाला. पाऊस हुकला तरी त्याचा दुष्काळ होणें न होणें पुष्कळदां माणसांच्या हातीं असतें. १७९०-९१ त परशुरामभाऊ पटवर्धनांचें लष्कर धारवाडास वेढा घालून होतें, आणि लष्कराच्या लुटालुटीनें त्या प्रांताचे हाल वाढले, असें मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत म्हटलें आहे. १८७६-७८ च्या दुष्काळांतहि देशांत लोक अन्नावांचून मरत असतां परदेशीं धान्याची निर्गत चालूच होती.

म्हणून समुद्राचा वांटा किती व राज्यकर्त्यांचा किती, हें गांवोगांवच्या कागदांवरूनच ठरवावें लागेल. मृगाचा पाऊस कधीं लागला, जोंधळा रुपयास किती शेर मिळाला, कोणत्या गांवास साऱ्यांत सूट दिली, कुळें परागंदा कोठें झालीं, हें रोजकीर्दी, ताळेबंद, कौलनामे आणि पंचांगांच्या समासांतील टिपणें यांतच सांपडणार. स्वाऱ्यांचीं व तहांचीं पत्रें आपण जिवापाड जपतों. हे कागद मात्र राजकारण नाहीं म्हणून रद्दींत जातात. एकदां गेले कीं त्या वर्षींच्या त्या गांवच्या पावसाचा साक्षी कायमचा गेला. त्याची भरपाई कोणतेंहि यंत्र करूं शकणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं ‘इहिदे तिसैन’पासून ‘सलास तिसैन’पर्यंतचीं (इ.स. १७९०-९३) हिशेबी दप्तरें असतील, त्यांनीं तीं एकवार सोडून पाहावीं, आणि भाव व पाऊस यांच्या नोंदी तारीखवार उतरून प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंति आहे.