गाडी उभी किती वेळ? : विजेच्या गाड्यांच्या चार्जरचा इतिहास

विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि स्कूटर आता लहान शहरांतल्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. त्यांच्यामागोमाग हॉटेलवाले, दुकानदार, कार्यालये आणि रुग्णालये यांच्यापुढे एक प्रश्न येऊन उभा राहिला आहे. आवारात चार्जर बसवायचा तर कोणता? विक्रेते किलोवॅटचे आकडे सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका चार्जर चांगला, असा समज होऊन बसतो. हा प्रश्न मात्र नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी टॅक्सी चालवणाऱ्या कंपन्या, गॅरेजवाले आणि वीज कंपन्या यांनी तो सोडवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांपैकी काहींची उत्तरे दीर्घकाळ टिकली, काहींची महाग पडली. असे का झाले, हे या लेखात आपण पाहणार आहोत.

टॅक्सीला थांबायला वेळ नाही

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे-आम्ल संचायक घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर याने त्यात महत्त्वाची सुधारणा केली आणि वाहनात बसवता येईल अशी बॅटरी मिळू लागली. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. म्हणजे त्या काळी विजेची गाडी हा कोणा हौशी माणसाचा खेळ नव्हता.

१८९७ मध्ये न्यूयॉर्क शहरात विजेवर चालणाऱ्या टॅक्सी सुरू झाल्या. टॅक्सी धावते तेव्हाच पैसे मिळवते. शिसे-आम्ल घट पूर्ण भारित व्हायला मात्र कित्येक तास लागतात. घाई करून जास्त प्रवाह सोडला तर घट तापतो, त्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडू लागतात आणि पट्ट्या खराब होतात. तेव्हा जलद चार्जरचा मार्ग बंदच होता. कंपनीने यावर वेगळीच तोड काढली. टॅक्सी स्थानकात आली की तिची शेकडो किलो वजनाची बॅटरी यंत्रांच्या साहाय्याने काढून घ्यायची आणि भरलेली बॅटरी आत सरकवायची. हे काम काही मिनिटांत होत असे. रिकामी बॅटरी मग आरामात भारित होई. गाडीला वेळ नव्हता, पण बॅटरीला होता! टॅक्सीचा हा धंदा पुढे फार वेगाने वाढवला गेला आणि १९०७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. तरीही मूळ कल्पना चुकीची नव्हती. हार्टफर्ड येथील वीज कंपनीने हीच पद्धत मालट्रकसाठी वापरली. ग्राहकाने बॅटरीविना ट्रक विकत घ्यायचा, बॅटरी कंपनीची, आणि ग्राहकाने दरमहा ठरावीक रक्कम व धावलेल्या मैलांप्रमाणे पैसे द्यायचे, असा तो व्यवहार होता. १९२४ पर्यंत चाललेल्या या सेवेतील ट्रक एकूण ६० लाख मैलांहून अधिक धावले.

वीज एका प्रकारची, बॅटरी दुसऱ्या प्रकारची

यानंतर दुसरी अडचण उभी राहिली. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर सुरू केलेले वीजकेंद्र दिष्ट प्रवाह पुरवत असे, आणि बॅटरीलाही दिष्ट प्रवाहच लागतो. त्यामुळे सुरुवातीला मधे एक रोधक आणि एक मापक घातला की काम भागत असे. परंतु रोहित्राच्या साहाय्याने दाब वाढवून दूरवर नेता येणारा प्रत्यावर्ती प्रवाह लवकरच सर्वत्र पसरला. तो थेट बॅटरीला जोडून उपयोग नाही. सेकंदाच्या एका लहानशा भागात जेवढा भार आत जाईल, तेवढाच पुढच्या भागात बाहेर येईल. आता प्रवाह एकाच दिशेने वळवणारे साधन हवे होते.

मोठ्या गॅरेजांत यासाठी मोटार आणि जनित्र एकाच दांड्यावर जोडून वापरत. हे यंत्र आवाज करी, जागा अडवी आणि त्याची देखभालही करावी लागे. १९०२ मध्ये पीटर कूपर ह्युइट या अमेरिकन संशोधकाने पाऱ्याचा एकदिशकारक तयार केला. हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात तळाशी पारा आणि बाजूच्या नळ्यांत ग्रॅफाइटचे अग्र अशी त्याची रचना होती. पाऱ्याच्या तापलेल्या ठिपक्यातून इलेक्ट्रॉन सहज निघतात, ग्रॅफाइटमधून निघत नाहीत. म्हणून प्रवाह एकाच दिशेने वाहतो. निळसर प्रकाश देणारी ही उपकरणे गॅरेजांच्या भिंतींवर दिसू लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या काळी एकदिशकारक भिंतीवर होता, कारण तो गाडीत नेण्याजोगा नव्हता. १९५० नंतर सिलिकॉनचे डायोड आले, त्यापुढे इलेक्ट्रॉनिकी सुधारली आणि एकदिशकारक इतका लहान झाला की तो गाडीतच बसवता येऊ लागला. आज ज्याला आपण एसी चार्जर म्हणतो, तो खरे पाहता चार्जर नव्हेच. सुरक्षा-यंत्रणा आणि मीटर असलेला तो एक चांगला सॉकेट आहे. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. डीसी चार्जरमध्ये मात्र एकदिशकारक पुन्हा भिंतीपाशी येतो, कारण पन्नास-साठ किलोवॅटचे उपकरण प्रत्येक गाडीने वागवत फिरणे परवडत नाही. दोन्ही चार्जरांच्या किमतींत एवढा फरक का, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

रात्रीची रिकामी वीज

शिकागोचे वीज व्यावसायिक सॅम्युअल इन्सुल नेहमी एक हिशेब मांडत. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा विजेची मागणी सर्वाधिक असते. त्या तासाभरासाठी उभारलेली यंत्रसामग्री मध्यरात्री बसून राहते. रात्री भारित होणाऱ्या गाड्या हे म्हणूनच वीज कंपन्यांचे आवडते गिऱ्हाईक होते.

१९१२ पासून मोटारींमध्ये विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा त्रास संपला आणि स्वस्त पेट्रोल गाड्यांनी बाजार काबीज केला. विजेच्या गाड्या मागे पडल्या, पण नाहीशा झाल्या नाहीत. इंग्लंडमध्ये हजारो दूधगाड्या अनेक दशके विजेवर धावत राहिल्या. त्या पहाटे निघत, ठरलेल्या गल्ल्यांतून थांबत थांबत फिरत, आणि दुपारच्या आत डेअरीत परतत. पुढचे कित्येक तास त्या उभ्याच असत. त्यांना भारी चार्जरची गरज कधी भासली नाही, कारण गाडीचा वेळ आणि चार्जरचा वेग यांचे गणित जमलेले होते.

प्लगांची लढाई

१९९० मध्ये कॅलिफोर्नियाने प्रदूषणरहित गाड्यांचा नियम केला आणि विजेच्या मोटारी पुन्हा आल्या. जनरल मोटर्सच्या १९९६ च्या ईव्ही-१ या गाडीत एक सपाट वल्हे सरकवून ती भारित करत. वल्ह्यात रोहित्राचे प्राथमिक वेटोळे आणि गाडीत दुय्यम वेटोळे होते, त्यामुळे उघडा धातू कोठेच हाताला लागत नसे. पावसातही सुरक्षित अशी ही रचना मोठी चतुर होती. मात्र फोर्ड आणि होंडा यांनी धातूचे टोक धातूला भिडवणारी नेहमीची जोडणी निवडली. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वायू मंडळाने या दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने निर्णय दिला आणि वल्ह्याचे चार्जर निरुपयोगी ठरू लागले. कॉस्टको या दुकानांच्या साखळीने आपल्या वाहनतळांवर बसवलेले त्या पिढीचे चार्जर २०११ मध्ये, कोणी वापरत नाही म्हणून, काढून टाकायला घेतले. त्याच सुमारास नव्या गोल प्लगाच्या मोटारी बाजारात येत होत्या! पुढे जपानी जोडणी, युरोप-अमेरिकेतील सीसीएस, चीनची वेगळी, अशी ही लढाई चालूच राहिली. २०२३ मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी सीसीएसकडून टेस्लाच्या जोडणीकडे वळण्याचे जाहीर केले.

आपल्याकडेही याचा एक छोटा प्रयोग होऊन गेला. २०१७ मध्ये भारत एसी-००१ आणि भारत डीसी-००१ ही मानके ठरली. यांतील डीसी-००१ हा १५ किलोवॅटचा चार्जर त्या वेळच्या कमी दाबाच्या बॅटरीच्या मोटारींसाठी होता. २०२० पासून आलेल्या जास्त दाबाच्या मोटारींनी सीसीएस-२ ही जोडणी घेतली आणि डीसी-००१ त्यांच्या उपयोगाचा राहिला नाही. डिसेंबर २०१८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक स्थानकावर अनेक प्रकारचे चार्जर ठेवायला सांगितले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती सक्ती उठवून निवड स्थानकचालकावर सोपवली गेली.

आजचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एका कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या दहा विजेच्या मोटारी येतात. प्रत्येक मोटार दिवसाला ३० किलोमीटर धावते. एका युनिटमध्ये सुमारे ६ किलोमीटर धरले तर प्रत्येकीला ५ युनिटे, म्हणजे सर्वांना मिळून ५० युनिटे लागतील. मोटारी आठ तास उभ्या असतात. ५० भागिले ८, म्हणजे सरासरी सव्वासहा किलोवॅट! येथे ६० किलोवॅटचा डीसी चार्जर बसवला तर सगळे काम तासाभरात होईल हे खरे. पण दर काही मिनिटांनी एकाने काम सोडून गाडी हलवायला जायचे, आणि उरलेले सात तास ते महागडे यंत्र धूळ खात राहायचे. शिवाय व्यापारी ग्राहकाच्या बिलात नुसती युनिटेच नव्हे, तर कमाल मागणीही मोजली जाते. त्याऐवजी ३.३ किलोवॅटचे चार-पाच सॉकेट आळीपाळीने वापरले तरी भागते. मुक्कामी हॉटेलचा हिशेबही असाच आहे, कारण पाहुणा रात्रभर झोपलेला असतो.

महामार्गावरील उपाहारगृहाचे तसे नाही. तेथे प्रवासी अर्धा तास थांबतो आणि त्याला पुढे दीडशे किलोमीटर जायचे असते. म्हणजे अर्ध्या तासात २५ युनिटे, अर्थात ५० किलोवॅट. येथे डीसी चार्जरला पर्याय नाही, आणि त्याबरोबर वाढीव मंजूर भार व बहुधा रोहित्राचाही खर्च आलाच. किराणा दुकानापुढे दहा मिनिटे थांबणाऱ्या स्कूटरला मात्र काहीच बसवण्याची गरज नसेल. ती घरी रात्री भारित होते.

म्हणून निवडीचा क्रम असा असावा: आधी गाड्या किती वेळ उभ्या राहतात ते पाहावे, मग त्या वेळात किती युनिटे लागतील याचा हिशेब करावा, नंतर आवाराचा मंजूर भार तपासावा आणि शेवटी यंत्र ठरवावे. प्लग पुढेही बदलतील. तेव्हा जमिनीखालची नळी, जाड केबल आणि मीटरची जागा आधीच नीट करून ठेवावी. भिंतीवरची पेटी बदलणे मग जड जात नाही.

शिक्षकांना यातून नववी-दहावीच्या वर्गासाठी एक चांगला प्रकल्प मिळू शकेल. विद्यार्थ्यांनी आठवडाभर जवळच्या एखाद्या वाहनतळावर, मालकाच्या परवानगीने, गाड्या केव्हा येतात आणि केव्हा जातात याची नोंद करावी. त्यावरून उभ्या वेळेचा स्तंभालेख काढावा आणि वरील पद्धतीने शक्तीचे गणित करावे. शक्ती आणि ऊर्जा, किलोवॅट आणि युनिट यांतला फरक फळ्यावर कितीही वेळा सांगितला तरी मुले तो विसरतात. स्वतः मोजलेल्या गाड्यांवरून तो त्यांना पक्का कळेल, आणि वाहनतळाच्या मालकालाही विक्रेत्याशी बोलण्यापूर्वी हातात एक खराखुरा आकडा मिळेल.