वाचवलेल्या घटकेचा हिशेब

दिवाळी जवळ आली की नोकरी करणाऱ्या गृहिणींच्या अंगी एक विलक्षण चातुर्य संचारते. भाजणी रविवारीच भाजून दळून आणायची, चकल्यांना बुधवारची संध्याकाळ, करंज्यांचे सारण आदल्या रात्री! एरवीही रात्रीच कणीक भिजवून ठेवणे, परतीच्या लोकलमध्ये मेथी निवडणे, असे तिचे चाललेलेच असते. ह्या युक्त्या आजच्या धावपळीतून जन्माला आल्या, असे आपण समजतो. मी मात्र मागचा इतिहास पाहू लागले, तेव्हा मला त्या फार जुन्या दिसल्या. आणि प्रत्येकीच्या मागे एकच प्रश्न उभा दिसला. ही घटका वाचली, ती कोणाच्या जिवावर? आणि वाचून गेली कोणाच्या पदरात?

प्रथम जात्याकडे वळू. पहाटे उठून दळावे, पाणी भरावे, भाकऱ्या थापाव्या आणि मग शेताची वाट धरावी, असा जिचा क्रम होता ती आई आजच्या नोकरदार आईची आजीच म्हणावयाची. तिनेही एक नामी तोड काढली होती. उन्हाळ्यातली फुरसत पापड, कुरडया, सांडगे यांच्या रूपाने उन्हात वाळवायची, डब्यात भरायची आणि पावसाळ्यातल्या लावणीच्या घाईत बाहेर काढायची. पण ही वाळवणे कुणी एकटीने करीत नसे. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. जात्याच्या खुंट्यालाही पुष्कळदा दोन हात लागत, आणि ओव्या म्हणता म्हणता दळण सरे. पुढे पिठाची गिरणी आली, हातांना विसावा मिळाला आणि ओवी मुकी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, म्हणून त्या बायकांचे मन आज आपल्याला कळते.

शहरात गोष्ट वेगळी होती. १८५६ साली ताडदेवला कावसजी दावरांची सूतगिरणी चालू झाली आणि पुढे अनेक गिरण्या निघाल्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत बायका कामाला लागल्या. १८९१ च्या कायद्याने त्यांचा कामाचा दिवस ११ तासांचा ठरला. म्हणजे त्याआधी किती होता, याची कल्पना वाचकांनीच करावी. गावी शेजारीण होती, सासू होती. चाळीच्या एका खोलीत कोण? अशा वेळी तान्हे मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ चाटवीत. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी झाली, तीत ही चाल सर्रास आढळली. वेळ वाचवण्याची याहून भयंकर युक्ती मला ठाऊक नाही. पण त्या आयांना दोष देण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की, भोंगा त्यांच्यासाठी थांबत नव्हता. आईची घटका वाचली, आणि तिची किंमत पाळण्यातल्या जिवाने मोजली.

हे ओझे उचलावे कोणी? १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतिसाहाय्याचे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला; बाळंतिणीला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ साली ही मर्यादा ३० वर आली. आईच्या वेळेचा भार काही अंशी तरी मालकाच्या वहीत मांडला गेला, तो असा.

घरातही यंत्रे आली. आधी रॉकेलचा स्टोव्ह आला आणि चूल फुंकणे थांबले. १९५९ च्या सुमारास भारतात तयार झालेले प्रेशर कुकर बाजारात आले, पुढे मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला. मग आई मोकळी झाली काय? छे! कुकरने अर्धा तास वाचवला, तर पानात एक कोशिंबीर वाढली. मिक्सर आला, तर रोज ताज्या चटणीची फर्माईश आली. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील दर १०० पुरुषांपैकी सुमारे २६ जण घरकामाला हात लावीत होते, तर स्त्रियांपैकी सुमारे ८१. हात लावणारे पुरुष दिवसाला सरासरी ९७ मिनिटे देत, स्त्रिया २९९! इतकी यंत्रे घरात येऊनही ही तफावत उरली. यंत्र काम लवकर उरकते. ते वाटून मात्र देत नाही.

वाटून घेण्याचे एक उदाहरण कुकरच्याच काळातले आहे. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. केंद्रावरून भिजवलेले पीठ न्यावे, घरी पापड लाटावेत आणि त्याचे पैसे घ्यावेत, ही त्यांची रीत. एका घरची वाळवणाची दुपार वाचली आणि दुसऱ्या घरी त्याच दुपारची मजुरी झाली. जुन्या अंगणातला तो मेळच जणू नव्या रूपात, हिशेबाच्या वहीसह परत आला.

तेव्हा यंदा फराळाच्या तयारीत वेळ वाचवण्याच्या युक्त्या जरूर योजाव्या. पण सोऱ्या दाबायला घरातले आणखी दोन हात बोलवावेत. ते हात मनगटी घड्याळाचे असले तरी चालतील. आणि त्या खटपटीत जी घटका वाचेल, ती नव्या पदार्थावर न घालवता आईच्या पदरात टाकावी. तिने ती कशी घालवावी, हे मात्र कुणी सांगू नये.