गंगामुळापासून केडगावापर्यंत

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावचे स्थानक लागते. भीमेच्या एका अंगाला दौंड तालुका, दुसऱ्या अंगाला शिरूर; या दोन्हीकडच्या श्रोत्यांना केडगावचे मुक्तिसदन ठाऊक नाही असे नाही. पंडिता रमाबाईंनी येथे शंभर एकर जमीन घेतली, १८९८ साली मुक्तिसदनाचे उद्घाटन केले आणि १९२२ साली येथेच देह ठेवला, इतके पुष्कळांना माहीत असते. परंतु या संस्थेचा पाया ज्या बाईने घातला ती केडगावला कधीच आली नव्हती. संस्था निघण्यापूर्वी चोवीस वर्षे ती उपासमारीने मरण पावली होती. तिचे नाव लक्ष्मीबाई डोंगरे. रमाबाईंविषयी आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते, त्यांच्या आईविषयी फार थोडे. म्हणून आज तिच्याकडून आरंभ करतो.

अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकातील चित्पावन ब्राह्मण. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून या विद्यार्थ्याच्या मनाने घेतले की आपणही आपल्या पत्नीस शिकवावे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनी चालू दिले नाही. ती वारल्यावर गोदावरीकाठी एका यात्रेकरू गृहस्थाची गाठ पडली आणि त्याने आपली नऊ वर्षांची मुलगी या चव्वेचाळीस वर्षांच्या शास्त्र्याला दिली. दुसऱ्या दिवशी लग्न, आणि लगेच दूरदेशी प्रयाण. त्या मुलीला कोणी काही विचारले असेल असे मानण्याचे कारण नाही. सुधारकाच्या घरातली सुधारणादेखील बालविवाहापासूनच सुरू झाली, हे सांगताना संकोच वाटला तरी सांगितले पाहिजे.

बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून आप्तांचा रोष आणि शास्त्र्यांचा जाब सुरू झाला. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे अनंतशास्त्र्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली. पण वाद जिंकल्याने शेजार बदलत नाही. अखेरीस ते पत्नीला घेऊन सह्याद्रीतील गंगामूळ येथे, तुंगा-भद्रेच्या उगमाजवळच्या रानात गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता. ती पोर पासोडीत गुरफटून जमिनीवर पडली, भीतीने थरथर कापत होती, आणि शास्त्रीबोवा उजाडेपर्यंत पहारा करीत बसले. लक्ष्मीबाईंच्या अध्ययनाचा श्रीगणेशा असा झाला.

पुढे तेथे घर झाले, गुरे आली, विद्यार्थी जमले, यात्रेकरूंची वर्दळ सुरू झाली. या सर्वांचा स्वयंपाक, पाहुणचार, गोठा, बाळंतपणे, सारे लक्ष्मीबाईंवर. सहा मुले झाली, त्यांतली तीन जगली: कृष्णाबाई, श्रीनिवास आणि रमा. धाकट्या रमाचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. आदरातिथ्य आणि दानधर्म यांत संपत्ती सरली, आणि रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या टोपलीत घालून, माणसाच्या डोक्यावरून या मुलीचा पहिला प्रवास झाला. यानंतर गावोगाव पुराणे सांगायची, मिळेल त्यावर राहायचे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची.

रमेला शिकवायची वेळ आली तेव्हा अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, दृष्टीही अधू झाली होती. म्हणून ते काम आईने उचलले. दिवसभर प्रवास आणि घरकाम. तेव्हा शिकवायला वेळ उरे तो पहाटेचा. झोपेने जड झालेल्या मुलीला लक्ष्मीबाई अंधारातच जागे करीत आणि पाठ देत. रमा आठ वर्षांची असल्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत हा क्रम चालला. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले ते अशा पहाटे. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिची गुरू म्हणजे ही आई.

आपल्याकडे ‘आईचा त्याग’ म्हटले की उपाशी राहणारी, दागिने मोडणारी माता डोळ्यांपुढे येते. लक्ष्मीबाईंनी तेही केले. पण मला त्यांचा मोठा त्याग झोपेचा वाटतो. दिवसभर राबलेल्या बाईची पहाटेची घटकाभर झोप ही तिची एकमेव स्वतःची मालमत्ता असते, आणि लक्ष्मीबाईंनी तीच मुलीला दिली.

मोठी मुलगी कृष्णाबाई हिच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. रूढीप्रमाणे तिचे लग्न लहानपणीच लावून दिले होते आणि ते सुखाचे झाले नाही. त्या चुकीने आईबापांचे डोळे उघडले आणि त्यांनी रमेला अविवाहित ठेवले. एका मुलीच्या दुःखावर दुसरीची मोकळीक उभी राहिली. इतिहासात असे पुष्कळदा घडते, आणि किंमत देणारी व्यक्ती विस्मृतीत जाते.

मग दुष्काळ आला. जवळचे होते नव्हते ते देवाब्राह्मणांना देऊन झाले होते, मजुरी करायची सवय नव्हती आणि कुलाभिमान भीक मागू देत नव्हता. १८७४ साली प्रथम अनंतशास्त्री गेले. त्यानंतर लक्ष्मीबाई तापाने अंथरुणाला खिळल्या आणि भ्रमात अन्न मागू लागल्या. सोळा वर्षांची रमा शेजारच्या घरी भाकरी मागायला गेली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. भाकरीचा तुकडा मिळाला, पण तो खाण्याचे त्राण आईत उरले नव्हते. पतीमागून दीड महिन्याच्या आतबाहेर त्यांनी प्राण सोडला. खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, श्रीनिवास आणि रमा अशा चौघांनी तिरडी उचलली. रमा उंचीने सर्वांत लहान, तेव्हा तिला आपल्या बाजूचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. काही महिन्यांनी कृष्णाबाईही पटकीने गेली.

आता १८९६-९७चा मध्य प्रांतातील दुष्काळ पाहा. रमाबाई त्या वेळी पुण्यात शारदासदन चालवीत होत्या. मधल्या काळात त्यांनी पती गमावला होता, विलायतेस जाऊन १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, अमेरिकेत विधवांसाठी निधी जमविला होता, आणि १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले होते. पैसा नाही, जागा नाही. तरीही त्या दुष्काळी भागात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. त्या वेळी त्यांनी स्वतःच्या दुष्काळाची हकीगत लिहून काढली. तीत आईचे मरण सविस्तर आले आहे. भाकरीसाठी दारात मुकी उभी राहिलेली मुलगी त्या विसरल्या नव्हत्या. पुण्यात प्लेग आला आणि मुली केडगावच्या शेतावर आणाव्या लागल्या. गुजराथच्या दुष्काळानंतर, १९०० सालापर्यंत येथील वस्ती दीड हजारांवर गेली. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. गुरेढोरे, शिकणारी मुले आणि दारात आलेल्याला जेवण: गंगामूळचेच घर, फक्त शेकडो पटींनी मोठे.

धर्मांतरामुळे आपल्या लोकांनी रमाबाईंना परके मानले, आणि मिशनच्या लोकांना लक्ष्मीबाईंच्या पोथ्यांविषयी फारसे कौतुक असण्याचे कारण नव्हते. दोन्हीकडून ही माता उपेक्षिली गेली. रमाबाईंनी स्वतः आईबापांच्या श्रद्धेवर कठोर टीका केली आहे. तथापि १८८७ साली फिलाडेल्फियात छापलेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी अर्पण केले ते आईच्याच स्मृतीला. श्रद्धा सोडली, गुरू सोडला नाही.

तिसऱ्या पिढीची गोष्ट अधिक अवघड आहे. मनोरमा १८८१ची. दहा महिन्यांची असताना पितृछत्र हरपले. आईबरोबर समुद्र ओलांडला. आई हिंडत असताना काही काळ इंग्लंडातील भगिनींच्या छायेत राहिली. लक्ष्मीबाईंनी मुलीला दिला तो सहवास. रमाबाईंना आपल्या मुलीला तो पुरता देता आला नाही, कारण हजारो दुसऱ्या मुली त्यांच्या वाट्याला आल्या होत्या. मनोरमेने इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण घेतले, मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली, आणि मग केडगावच्या कामाला स्वतःला जुंपून घेतले. शाळा सांभाळली, अंध मुलींना शिकविले, गुलबर्ग्याला नवी शाळा काढण्यात भाग घेतला. ही तिची स्वतःची निवड होती की आईच्या आयुष्याने तिच्यापुढे दुसरी वाटच ठेवली नव्हती? मला वाटते, दोन्ही. मोठी आई मुलीला बळ देते, आणि नकळत तिच्याकडून तितकीच मागणीही करते.

मनोरमेची प्रकृती या श्रमांनी खचली. २४ जुलै १९२१ रोजी, चाळीसाव्या वर्षी, मिरजेच्या रुग्णालयात ती वारली. संस्थेची सूत्रे तिने घ्यावीत अशी आईची योजना होती. रमाबाईंच्या हाती त्या वेळी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम होते. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेला हा मजकूर केडगावच्याच छापखान्यात मुली जुळवीत होत्या. कन्येच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. मनोरमेला जाऊन पुरते नऊ महिने झाले नव्हते. छापील ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.