पांढऱ्या गरुडांचा क्लब: टोरांटोतल्या सर्बियन फुटबॉलची गोष्ट

आजचा भाग फुटबॉलचा आहे, पण ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालेल. गोलपेक्षा नावाची भानगड जास्त आहे यात.

सुरुवात मेलबर्नला करू. ४ डिसेंबर १९५६, ऑलिंपिकची सेमीफायनल. एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला युगोस्लाव्हिया. हो, भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या सेमीफायनलमध्ये होता! आधीच्या मॅचमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं होतं आणि त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझांचे होते. मूळचे गोव्याचे आसगावचे, खेळायचे मुंबईत. सेमीफायनलमध्येही पहिला गोल त्यांनीच केला आणि काही मिनिटं भारत चक्क पुढे होता. मग युगोस्लाव्हियाचे चार गोल झाले आणि आपली फायनल हुकली. युगोस्लाव्हियाला पुढे सिल्व्हर मिळालं.

त्या युगोस्लाव्ह टीममध्ये १९ वर्षांचा एक पोरगा होता, ड्रागोस्लाव्ह शेकुलारात्स. सगळे त्याला शेकी म्हणायचे. तो बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबचा हिरो होता. ड्रिबलिंग असं करायचा की लोक मॅच नाही, शेकी बघायला तिकीट काढायचे. १९६२ च्या वर्ल्डकपमध्ये युगोस्लाव्हिया चौथा आला, त्यातही तो होता. त्याच वर्षी त्यानं एका रेफरीला ठोसा मारला आणि दीड वर्षाची बंदी ओढवून घेतली. तेव्हाच त्याच्यावर एक सिनेमाही निघाला, ज्यात हिरो तो स्वतःच. थोडक्यात, स्टार म्हणावं असं सगळं त्याच्यात होतं. आणि हाच शेकी सत्तरच्या दशकात कॅनडात, टोरांटोमध्ये, स्थलांतरित सर्ब लोकांनी काढलेल्या एका लोकल क्लबकडून खेळला. क्लबचं नाव सर्बियन व्हाइट ईगल्स, सर्बियन भाषेत 'बेली ओर्लोव्ही', म्हणजे पांढरे गरुड. स्थापना १९६८.

एवढा मोठा खेळाडू त्या क्लबात कसा पोचला, हे कळायला आधी तिथले सर्ब कोण होते ते बघावं लागेल.

आपल्या शाळेच्या पुस्तकात युगोस्लाव्हिया म्हटलं की टिटो, आणि टिटो म्हटलं की नेहरू, नासर आणि अलिप्ततावाद. मेलबर्नची ती मॅच झाली त्याच वर्षी, जुलै १९५६ मध्ये, हे तिघं ब्रिओनी बेटावर भेटले होते. दिल्लीत आजही टिटोंच्या नावाचा रस्ता आहे. म्हणजे आपल्याकडची इमेज काय, तर चांगला माणूस, भारताचा दोस्त. पण टोरांटोतल्या बऱ्याच सर्ब घरांत १९५० च्या दशकात टिटोंचं नाव निघालं की वातावरण तापायचं. कारण ते लोक टिटोंमुळेच घरी परत जाऊ शकत नव्हते.

१९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मनीनं युगोस्लाव्हियाचं राज्य मोडलं. त्यानंतरची चार वर्षं नुसती जर्मनांविरुद्धची लढाई नव्हती, आपसातली यादवीही होती. एकीकडे टिटोंचे कम्युनिस्ट पार्टिझन, दुसरीकडे राजाच्या बाजूचे सर्ब चेटनिक, तिसरीकडे नाझींच्या आशीर्वादानं उभं राहिलेलं क्रोएशियन उस्ताशा सरकार, ज्यानं यासेनोव्हात्ससारख्या छावण्यांत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना मारलं. चेटनिकांचेही हात स्वच्छ नव्हते, त्यांनी मुस्लिम आणि क्रोएट गावांत कत्तली केल्या. शेवटी जिंकले टिटो. हरलेल्या बाजूचे, किंवा नुसतेच कम्युनिस्ट राजवटीत परतायला घाबरणारे हजारो लोक जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीतल्या निर्वासित छावण्यांत अडकले.

तिथून ते कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला गेले. या देशांनी त्यांना घेतलं, पण फुकट नाही. ऑस्ट्रेलियानं सुमारे १ लाख ७० हजार युरोपीय निर्वासित घेतले आणि अट घातली की दोन वर्षं सरकार सांगेल तिथं काम करायचं. कॅनडातही खाणी, जंगलतोड, शेती अशा करारांवर माणसं आणली गेली. कालपर्यंत जो सैन्यात अधिकारी होता, तो आज लाकडं तोडतोय. आठवडाभर मान मोडून काम करायचं. रविवारी दोन गोष्टी, सकाळी चर्च आणि दुपारी फुटबॉल.

आता दुसरी लाट. साठच्या दशकाच्या मध्यात युगोस्लाव्हियानं आपल्या सीमा उघडल्या. इतर कम्युनिस्ट देश नागरिकांना कोंडून ठेवत होते, टिटोंचा देश मात्र त्यांना पासपोर्ट देऊन कमवायला बाहेर पाठवत होता. बरेच जण पश्चिम जर्मनीत गेले, काही कॅनडात. कॅनडानंही १९६७ मध्ये पॉइंट्सची पद्धत आणली, म्हणजे शिक्षण, कौशल्य, भाषा बघून प्रवेश. (आपल्यापैकी कुणाचा दादा-वहिनी टोरांटोला असतील तर त्यांना हे पॉइंट्स प्रकरण तोंडपाठ असेल. मूळ तिथलंच.)

त्यामुळे १९६८ च्या टोरांटोत दोन तऱ्हेचे सर्ब एकत्र आले. एक, जे राजाचा फोटो भिंतीवर लावून बसले होते. दुसरे, जे टिटोंच्या शाळेत शिकून, रेड स्टारचे गोल रेडिओवर ऐकत मोठे झाले होते. त्यात भर म्हणजे १९६३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्येच फूट पडली. बेलग्रेडच्या धर्मपीठाला मानायचं की ते कम्युनिस्टांच्या दबावाखाली आहे म्हणून वेगळं व्हायचं, असा वाद. ही फूट मिटायला १९९२ उजाडलं. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं एकाच शहरात, एकाच भाषेत प्रार्थना करणारे लोक एकमेकांच्या चर्चची पायरी चढत नव्हते. वातावरण किती तापलेलं होतं याचा अजून एक पुरावा म्हणजे जानेवारी १९६७. अमेरिका आणि कॅनडातल्या युगोस्लाव्ह वकिलातींवर एकाच दिवशी बॉम्बस्फोट झाले. त्यात ओटावा होतं, टोरांटोही.

आणि पुढच्याच वर्षी या क्लबचा जन्म.

नावाकडे बघा जरा. पासपोर्टवर लिहिलंय युगोस्लाव्हिया. क्लबच्या नावात मात्र तो शब्द नाही, 'सर्बियन' आहे. आणि गरुड! पांढरा, दोन डोक्यांचा गरुड ही सर्बियाची मध्ययुगापासूनची राजमुद्रा. टिटोंच्या काळात सर्बियाच्या सरकारी चिन्हातून तो काढला होता, तिथं लाल तारा आला होता. म्हणजे मायदेशात जी खूण सरकारी कागदावरून हद्दपार झाली, ती टोरांटोत जर्सीवर आली. मला हा क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा गोल वाटतो, आणि तो पहिली मॅच खेळण्याआधीच झाला होता.

तुलनेसाठी मेलबर्न घ्या. तिथं १९५० मध्येच एक क्लब निघाला होता, 'जुगोस्लाव्ह युनायटेड सॉकर टीम'. आद्याक्षरं जोडली की होतं 'जस्ट'. पुढे तो फुट्सक्रे जस्ट म्हणून ओळखला गेला आणि १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाची पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा त्यात खेळला. त्या नावात 'आपण सगळे एक' असा सूर आहे. पण सिडनीत १९६८ मध्येच, टोरांटोच्याच वर्षी, बॉनीरिगचे व्हाइट ईगल्स उभे राहिले. तिथंही गरुड. एकाच मातीतून गेलेली माणसं, कुणी 'युगोस्लाव्ह' पाटी लावली, कुणी 'सर्ब'. युगोस्लाव्हिया नकाशावर तुटायच्या वीसेक वर्षं आधी तो परदेशातल्या फुटबॉल क्लबांच्या पाट्यांवर तुटलेला दिसत होता, असं मला वाटतं. बेलग्रेडमधल्या पुढाऱ्यांनी हे बोर्ड नीट वाचायला हवे होते.

टोरांटोत व्हाइट ईगल्स नॅशनल सॉकर लीगमध्ये खेळायचे. नाव नॅशनल, पण कारभार मुख्यतः ऑन्टॅरिओचा. या लीगमध्ये इटालियन, हंगेरियन, युक्रेनियन, पोर्तुगीज, ज्याचा त्याचा क्लब. कॅनडियन लोक आइस हॉकीत रमलेले, फुटबॉल हा बाहेरून आलेल्यांचा खेळ. ऑस्ट्रेलियात तर त्याला हेटाळणीनं 'वॉगबॉल' म्हणायचे, 'वॉग' ही दक्षिण युरोपातून आलेल्यांना दिलेली शिवी. आपल्या कोल्हापूरच्या श्रोत्यांना हे चित्र पटकन कळेल. तिथं पेठ आणि तालीम जशी मैदानात उतरते, तसा इथं अख्खा देश उतरायचा. १९७४ मध्ये व्हाइट ईगल्सनी ही लीग जिंकली.

आणि शेकी? तो तोवर जर्मनी, कोलंबिया असं जग हिंडला होता. राजाचा फोटो लावणाऱ्याला आणि पासपोर्ट घेऊन आलेल्याला, दोघांनाही तो हवा होता. रेड स्टार तर नावापासूनच कम्युनिस्ट, लाल तारा! पण शेकीच्या ड्रिबलिंगला कुणी पक्ष विचारला नसावा. याच शेकीनं ऐंशीच्या दशकात मेलबर्नच्या फुट्सक्रे जस्टलाही कोचिंग दिलं. सर्ब क्लब टोरांटोत, युगोस्लाव्ह क्लब मेलबर्नमध्ये, माणूस तोच.

याच शहरात टोरांटो क्रोएशिया नावाचा क्लब १९५६ पासून होता. त्यांची कहाणी अजून भारी आहे. १९७६ मध्ये टोरांटो मेट्रोज-क्रोएशिया या नावानं त्यांनी उत्तर अमेरिकेची मोठी लीग जिंकली आणि त्यांच्याकडून फायनलला पोर्तुगालचा दिग्गज युसेबियो खेळला, गोलही केला. गंमत बघा, सर्बिया आणि क्रोएशियाच्या राष्ट्रीय टीम एकमेकांविरुद्ध पहिल्यांदा खेळल्या त्या २०१३ मध्ये, वर्ल्डकप क्वालिफायरला, आणि तेव्हाही पाहुण्या टीमच्या प्रेक्षकांना स्टेडियममध्ये बंदी होती. टोरांटोत 'सर्बियन' आणि 'क्रोएशिया' अशी नावं लावलेले क्लब त्याच्या कितीतरी आधीपासून एका लीगच्या तक्त्यात खालीवर होत होते.

मग १९९१. युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध पेटलं. क्रोएशिया आणि बोस्नियात 'बेली ओर्लोव्ही' याच नावाची एक सर्ब निमलष्करी टोळी उभी राहिली, जिच्यावर नागरिकांच्या हत्यांचे आरोप झाले. टोरांटोच्या क्लबाचा तिच्याशी संबंध नाही, क्लब वीसेक वर्षं जुना. पण विचार करा, पोराच्या जर्सीवर जे नाव आहे तेच नाव रात्री बातम्यांत कत्तलीच्या संदर्भात येतंय. त्या पोरानं शाळेत ती जर्सी घालायची की नाही?

युद्धानं तिसरी लाटही आणली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये क्रोएशियन सैन्याच्या 'ऑपरेशन स्टॉर्म'मध्ये दीड ते दोन लाख सर्ब क्रायना भागातून ट्रॅक्टर-ट्रेलरवर संसार टाकून निघाले. त्यांतले काही पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला पोचले. पुन्हा निर्वासित, पुन्हा रविवारचं चर्च, पुन्हा फुटबॉल.

बरीच वर्षं वरच्या पातळीपासून लांब राहिलेले व्हाइट ईगल्स २००६ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये परतले. कोच कोण? शेकी! वय ६८. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, फायनलला समोर कोण आलं असेल? टोरांटो क्रोएशिया. जिंकलेही तेच. व्हाइट ईगल्सचा नंबर २००८ मध्ये लागला.

पुढे ही लीगच गाळात गेली. मॅच फिक्सिंगच्या बातम्यांनंतर २०१३ मध्ये कॅनडाच्या फुटबॉल संघटनेनं तिची मान्यता काढली. लीग मान्यतेशिवाय चालू राहिली आणि तीत व्हाइट ईगल्सही. स्थलांतरितांचे क्लब पैसेवाल्या नव्या लीगांत बसत नाहीत, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातही आलाच. तिथल्या महासंघानं २०१४ मध्ये नियम काढला की नव्या क्लबांच्या नावात, चिन्हात वांशिक ओळख नको. २०१९ मध्ये तो मागे घ्यावा लागला. मला विचाराल तर तो नियमच उफराटा होता. ज्यांनी कुणी विचारत नव्हतं तेव्हा हा खेळ त्या देशात जगवला, त्यांनाच सांगायचं की आता पाटी उतरवा! पण दुसरी बाजूही खरी आहे. सिडनीत २०२२ च्या ऑस्ट्रेलिया कप फायनलला क्रोएशियन मुळाच्या क्लबच्या काही प्रेक्षकांनी नाझी सलाम ठोकले. पाटीबरोबर आजोबांचं वैरही वारशात येतं कधीकधी, आणि नातवाला ते कुठून आलं हेही माहीत नसतं.

शेकी जानेवारी २०१९ मध्ये बेलग्रेडला वारला. त्याच सीझनमध्ये रेड स्टारच्या डिफेन्समध्ये मिलोश डेगेनेक नावाचा खेळाडू होता. क्रायनातल्या क्निनमध्ये जन्मलेला, ऑपरेशन स्टॉर्मच्या वेळी दीडेक वर्षाचा. घरचे त्याला घेऊन सर्बियात पळाले, तिथं १९९९ मध्ये नाटोचे बॉम्ब, मग सहा वर्षांचा असताना सिडनी. सर्बियाच्या ज्युनियर टीमकडून खेळला, पण मोठेपणी वर्ल्डकपला जर्सी घातली ती ऑस्ट्रेलियाची.

नेव्हिल डिसूझांवर वेगळा भाग करा, असं तुमच्यापैकी कुणी म्हणणार असेल तर त्याची तयारी सुरू आहे. भेटू.