लघुअनियतकालिके

लघुअनियतकालिके : प्रस्थापित मासिके व प्रकाशनसंस्था यांच्या बाहेर राहून लेखकांनी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या निवडीने काढलेली छोटी प्रकाशने. ‘लघु’ हे विशेषण पानांच्या व प्रतींच्या मर्यादित संख्येला, तर ‘अनियत’ हे विशेषण मजकूर आणि पैसे जमतील तेव्हाच अंक काढण्याच्या पद्धतीला उद्देशून आहे. मराठीत १९५५ ते १९७५ या साधारण दोन दशकांत ही चळवळ प्रभावी होती. तिचा विचार बहुधा वाङ्मयीन बंड म्हणून केला जातो. परंतु कागद, अक्षर, मांडणी, छपाई आणि वाटप या सर्वांवर लेखकाने मिळवलेला ताबा हे तिचे तितकेच महत्त्वाचे अंग होते. त्या अर्थाने स्वतंत्र मुद्रणसंस्कृतीचे ते मराठीतील एक ठळक उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी : बाजारावर व वर्गणीदारांच्या संख्येवर न विसंबणारी छोटी वाङ्मयीन पत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिका व यूरोपमध्ये निघू लागली. शिकागो येथे १९१४ मध्ये सुरू झालेल्या ‘द लिटल रिव्ह्यू’ने जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी क्रमशः छापली आणि त्यासाठी खटलाही ओढवून घेतला. भारतात १९६० नंतर बंगालीतील ‘हंग्री’ पिढीच्या कवींनी पत्रके व छोट्या पुस्तिका यांचा वापर केला. बंगाली साहित्याचे मराठी अनुवादक अशोक शहाणे यांच्यामुळे या घडामोडींशी मराठी लेखकांचा थेट परिचय झाला.

मराठीतील वाटचाल : अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदींनी १९५५च्या सुमारास मुंबईत काढलेले ‘शब्द’ हे या परंपरेतील आरंभीचे अनियतकालिक मानले जाते. शहाणे यांनी १९६३ मध्ये ‘मनोहर’ मासिकात समकालीन मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकणारा लेख लिहून प्रस्थापितांवर कठोर टीका केली आणि त्याच वर्षी ‘असो’ सुरू केले. भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ औरंगाबादहून निघाले, तर राजा ढाले, सतीश काळसेकर, तुलसी परब, चंद्रकांत खोत इत्यादींच्या संपादनातून ‘येरू’, ‘आत्ता’, ‘फक्त’, ‘अबकडई’ अशी प्रकाशने पुढे आली. मौज परिवाराचे ‘सत्यकथा’ हे मासिक अभिरुचीचे केंद्र समजले जात असल्याने विरोधाचा रोख प्रामुख्याने त्याच्यावर राहिला व १९६९ मध्ये त्याच्या अंकाची जाहीर होळी करण्यात आली. दलित साहित्याच्या क्षेत्रात गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. मात्र ते पुढे नियमित त्रैमासिक म्हणून स्थिरावले.

निर्मिती व मांडणी : त्या काळी छापखान्यात जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवत असे आणि चित्रासाठी धातूचा वेगळा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून घ्यावा लागे, त्यामुळे थोड्या प्रतींचा अंक परवडत नसे. यावर सायक्लोस्टाइल हा एक उपाय होता. मेण चढवलेल्या पातळ कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, टंकलेखन यंत्राने किंवा टोकदार लेखणीने अक्षरे उमटवली की त्या जागचे मेण निघून जाते आणि यंत्राच्या फिरत्या नळकांड्यातील शाई तेथून झिरपून कागदावर उतरते. या पद्धतीत हस्ताक्षर आणि रेखाटन एकाच पानावर खर्च न वाढवता आणता येत असे. नोंदणीकृत नियतकालिकांना मिळणारी टपालाची सवलत अनियतकालिकांना नसल्यामुळे अंक बहुधा हातोहात, मित्रमंडळींमार्फत पोचत.

कोलटकर यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेशी निगडित होते आणि जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव झाले होते. परिणामी पुस्तकाचे दृश्यरूप हा कवितेचाच भाग मानण्याची दृष्टी या वर्तुळात रुजली. शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये काढलेल्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या संग्रहाच्या शीर्षकात कवीच्या नावाला आदरार्थी बहुवचनही लावलेले नाही, यातूनही रूढ प्रकाशनशिष्टाचार झुगारण्याची ही वृत्ती दिसते. कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला व गीव पटेल या चार कवींनी मिळून चालवलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’ने १९७६ मध्ये कोलटकर यांचे ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले व त्याला पुढील वर्षी राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला.

यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ : जिल्ह्यात स्वतंत्र पत्रांचा वारसा जुना आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ सुरू केले होते. तथापि ते राजकीय जागृतीचे साधन होते. वाङ्मयीन अनियतकालिकांची केंद्रे मुंबई, पुणे व औरंगाबाद अशी शहरी राहिली. जिल्ह्यातील बेलोरा येथे १९४२ मध्ये जन्मलेले कवी, समीक्षक व रेखाटनकार वसंत आबाजी डहाके हे या पिढीचे महत्त्वाचे प्रतिनिधी होत. महानगरी तरुणाची अस्वस्थता मांडणारी त्यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही ‘सत्यकथे’तच. त्यामुळे प्रस्थापित व प्रस्थापितविरोधी यांच्यातील सीमारेषा चळवळीच्या भाषेत वाटते तितकी काटेकोर नव्हती, हे स्पष्ट होते. शब्द आणि चित्र यांचे नाते सुचवणाऱ्या ‘चित्रलिपी’ या त्यांच्या संग्रहाला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जिल्ह्यातच राहिलेल्या लेखकांनी मात्र छापील अंकापेक्षा व्यासपीठाचा आधार घेतला. बोरी अरब येथील शंकर बडे यांनी वऱ्हाडी बोलीतील कविता आणि ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग यांद्वारे आपला श्रोतृवर्ग स्वतःच घडवला. साधन वेगळे असले, तरी मध्यस्थ टाळून थेट रसिकांपर्यंत जाण्याची वृत्ती समान होती.

मूल्यमापन : अल्पायुष्य, विस्कळीत वितरण आणि आपसांतील मतभेद या उणिवा चळवळीत होत्या, व तिचे अनेक अंक आज दुर्मिळ आहेत. मात्र नव्या कवितेला व गद्याला जागा, बोलभाषेला प्रतिष्ठा आणि लेखकाला निर्मितीचे भान या तीन गोष्टी तिने दिल्या. १९९० नंतर हेमंत दिवटे यांचे ‘अभिधानंतर’ व चित्रकार-कवी मंगेश नारायणराव काळे यांचे ‘खेळ’ यांनी हा धागा पुढे नेला. परंतु संगणकीय अक्षरजुळणीमुळे छपाई सुलभ झाल्यावर स्वतंत्र अंक काढणे हे पूर्वीसारखे धाडस उरले नाही. ज्या ‘सत्यकथे’विरुद्ध रोष होता, ती १९८२ मध्ये बंद पडली. प्रस्थापित व्यवस्थेचे प्रतीक मानली गेलेली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने यवतमाळ येथे १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या व २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने दुसरे संमेलन वादग्रस्त ठरले आणि लेखकाच्या स्वातंत्र्याचा जुना प्रश्न जिल्ह्यात नव्याने उभा राहिला. त्यापूर्वी, २०१२ मध्ये, शेजारच्या चंद्रपूर येथील ८५ व्या संमेलनाचे अध्यक्षपद ‘योगभ्रष्ट’कार डहाके यांनी भूषवले होते.